मम्मी, आपल्याकडे फॉल कधी येतो?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताई सोलापुरात अक्कलकोट रोडला राहतात, मुलगी चौथीत, मुलगा दुसरीत, मिस्टर यंत्रमाग कारखान्यात शिफ्टला आणि ताई घरीच ब्लाउज शिवतात. दिवाळीच्या सुट्टीत पोरं दिवसभर मोबाईल बघायलेत म्हणून, निदान काहीतरी शिकतील तरी, असा विचार करून ताईंनी 'सीझनल ॲक्टिव्हिटीज फॉर किड्स' असं सर्च केलं आणि जे आलं ते लावून दिलं. त्यात लाल-केशरी पानांची झाडं, भोपळ्याचे चेहरे, कापसाचा स्नोमॅन असलं सगळं. मुलीनं विचारलं, "मम्मी, आपल्याकडे फॉल कधी येतो?" आणि ताईंना सांगता येईना. धाकटा स्नोमॅनसाठी थर्माकोलचे गोळे, ग्लिटर, हलणारे डोळे पाहिजेत म्हणून रडला, दुकानात विचारलं तर सगळं मिळून साडेतीनशे रुपये. ताईंचं म्हणणं एवढंच, की ऋतूंप्रमाणे मुलांना मजेत शिकता येईल असे मराठी व्हिडिओ कुठले, घरात काय करून घ्यायचं, आणि मशीनवर बसून हे आपल्याला जमणार आहे का.

जमणार आहे ताई. आणि त्या साडेतीनशेला हात लावू नका.

आधी लेकीच्या प्रश्नाचं उत्तर देऊया कारण तो प्रश्न लई चांगला आहे, असं विचारणारं पोर वर्गात असलं की शिकवायला हुरूप येतो. तिला सांगा, फॉल म्हणजे पानगळ, आणि ती आपल्याकडे पण होते, फक्त ती ऑक्टोबरात होत नाही, माघ-फाल्गुनात होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्या गल्लीतल्या लिंबाच्या झाडाखाली बघा (आपण इकडे कडुलिंबाला नुसतं लिंबच म्हणतो), रोज सकाळी झाडलं तरी दुपारपर्यंत परत पिवळ्या पानांचा सडा. तिकडच्या देशात पुढं कडाक्याची थंडी येणार, उजेड कमी होणार म्हणून झाडं पानं टाकतात, आपल्याकडे पुढं कोरडा उन्हाळा येणार, पानांतून पाणी उडून जातं ते वाचवायचं म्हणून टाकतात. आणि आपली गंमत अशी की झाड पुरतं उघडं व्हायच्या आतच तांबूस कोवळी पालवी फुटते, पाडव्याच्या आसपास पांढरा मोहर येतो आणि जून-जुलैत लिंबोळ्या पिकून खाली पडतात. म्हणजे एकाच झाडावर तिला अख्खं वर्ष वाचता येतं, त्यासाठी व्हिडिओतलं मेपल कशाला पाहिजे?

मी ३१ वर्षं प्राथमिकला शिकवलं. एका वर्षी डिसेंबरात मीसुद्धा फळ्याच्या वर कापूस चिकटवून 'विंटर' केला होता, तेव्हा सगळीकडे तसंच चाललं होतं, छान दिसायचं. दुसरीतली एक मुलगी बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, हा कापूस कुणाच्या शेतातला?" तिनं बर्फ बघितलाच नव्हता, कापूस बघितला होता, वेचला पण होता. त्या संध्याकाळी मी सगळा कापूस काढला आणि दुसऱ्या दिवशी पोरांना म्हटलं की थंडीत तुमच्या घरी, शेतात, गल्लीत काय काय बदलतं ते सांगा, तर फळा भरून गेला. शेकोटी, हुरडा, ओठ फुटणं, खोबरेल तेल गोठणं, आंघोळीला उशीर, बोरं, गड्डा (सिद्धेश्वरांची जत्रा), आजीचे गुडघे. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं की ऋतू शिकवायचा तर तो दारातला शिकवायचा, आणि व्हिडिओ लावायचा तो हातानं काहीतरी केल्यानंतर. आधी नाही. पोरानं आधी करून बघितलं की त्याच्या डोक्यात प्रश्न तयार होतो, मग दोन मिनिटांचा व्हिडिओसुद्धा त्याला पुरतो, आणि आधीच व्हिडिओ लावला की एक संपतो, दुसरा लागतो, तिसरा लागतो आणि हातात काहीच उरत नाही.

आता तुम्हाला एकच काम सांगते जे वर्षभर चालतं, रुपया लागत नाही आणि तुम्ही मशीनवर बसलेल्या असताना मुलं एकटी करू शकतात. बाकी काही नाही जमलं तरी हे कराच. पीव्हीसी पाइपचा बरोबर ३० सेंटिमीटरचा तुकडा कुठल्याही प्लंबरकडे फुकट मिळतो. महिन्यातून एका रविवारी तो गच्चीवर सपाट जागेवर उभा ठेवायचा आणि दुपारी बारा दहापासून पाऊणपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करायची. त्यातली सगळ्यात आखूड सावली पट्टीनं मोजायची आणि वहीत तारीख टाकून लिहायची. एवढंच. (सूर्याकडे बघायचं नाही, सावलीकडे बघायचं, हे दोघांना बजावून सांगा, आणि मध्ये सावलीत येऊन बसायचं.)

बाराच्या ठोक्याला का नाही, असं लेक विचारेल. आपल्या घड्याळाची वेळ ठरते ८२.५ अंश रेखांशावरून, ती रेषा मिर्झापूर-प्रयागराजच्या (जुनं अलाहाबाद) बाजूनं जाते, आणि सोलापूर त्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून सूर्य आपल्या डोक्याशी यायला बाराच्या पुढं साधारण पंचवीस मिनिटं लागतात, वर्षभरात दहा-पंधरा मिनिटं मागंपुढं होतं.

आत्ता नोव्हेंबरअखेर ही सावली २४ सेंटिमीटरच्या जवळपास येईल. २१-२२ डिसेंबरला, म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवस, ती २६ च्या आसपास जाईल. मग संक्रांतीला परत मोजा, आकडा साधारण दीड-दोन सेंटिमीटरनं कमी झालेला दिसेल. आजी म्हणते ना संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं मोठा होतो, तर तो मोठा व्हायला सुरुवात झाली डिसेंबरातच, हे तुमच्या लेकीला तिच्या स्वतःच्या वहीत सापडेल. कुणी सांगितलं म्हणून नाही, तिनं मोजलं म्हणून. फार पूर्वी हे दोन्ही दिवस जवळजवळ एकत्र यायचे, पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अगदी हळूहळू डुलतो त्यामुळं संक्रांत पुढं सरकत गेली, हे चौथीच्या पोराला भोवरा फिरवून दाखवलं की कळतं, धाकट्याला नुसता भोवरा पुरे.

२१ मार्चला सावली साडेनऊ सेंटिमीटरवर येते. आणि मग मे महिन्यात खरी मजा. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळं १० किंवा ११ मेच्या सुमारास दुपारी बारा वाजून वीस ते पंचवीस मिनिटांच्या दरम्यान सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पाइपची सावली गायब होते! शून्य सावली दिवस म्हणतात त्याला. मी दर वर्षी मुलांना हा दाखवायचे, सुट्टी असली तरी आजूबाजूची पोरं गोळा व्हायची. पाइपाच्या आत वाकून बघितलं तर ऊन थेट तळापर्यंत पोचलेलं, आणि पोरं स्वतःच्या पायाखाली स्वतःची सावली शोधत गोल गोल फिरायची. चप्पल घातल्याशिवाय गच्चीवर सोडू नका, आपल्या मेमधल्या गच्चीवर पाय भाजतात, आणि पाच-दहा मिनिटांत सगळ्यांना खाली आणा, कोकम नाहीतर ताक द्या. पुण्याच्या मावशीकडे हा दिवस दोन-तीन दिवस उशिरा येतो, मुंबईला आणखी पुढं, आणि दिल्लीला कधीच येत नाही कारण सूर्य साडेतेवीस अंशांच्या वर जातच नाही. फोनवर मावशीच्या पोरांना पण करायला लावा, मग भूगोल आपोआप येतो.

एक सांगायचं राहिलं. मेनंतर मोजणं थांबवू नका. जूनमध्ये ढग नसतील त्या दिवशी मोजलं तर सावली जेमतेम तीन सेंटिमीटर असते, पण ती दक्षिणेला पडते, वर्षभर उत्तरेला पडत होती ती! माझ्या एका विद्यार्थ्यानं हे बघून पाइप उलटा ठेवलाय का म्हणून तपासला होता.

हे झालं वर्षभराचं. आता या थंडीत काय करायचं ते सांगते, कारण सोलापूरला शिकवायला सगळ्यात भारी ऋतू थंडीचाच.

हुरडा. नुसता खायचा नाही, एक अख्खं कणीस घरी आणायचं. नातेवाइकांपैकी कुणाचं तरी मंगळवेढ्याकडे, मोहोळकडे शेत असेलच, नाहीतर हुरडा विकणाऱ्याला एक कणीस मागा, तो देतो. पेपर अंथरून दोघा पोरांना सांगायचं, याच्यात दाणे किती असतील अंदाज लिही. धाकटा 'शंभर' म्हणेल. मग दहा-दहाच्या ढिगल्या करायच्या, दहा ढिगल्या झाल्या की शंभरचा एक मोठा ढीग. माझ्या वर्गात आकडा हजाराच्या पुढं गेला होता आणि दुसरीची पोरं श्वास रोखून बसली होती. स्थानिक किंमत, दशक, शतक, हजार, सगळं हातानं झालं, वर्कशीट लागलंच नाही. मग विचारायचं, हे सगळं किती दाण्यांतून उगवलं? एका. आणि सांगायचं की ही ज्वारी पेरली सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्यानंतर पाऊस जवळजवळ नाहीच, मग हिनं पाणी कुठून प्यायलं? आपली काळी माती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि ज्वारी त्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर येते. म्हणून तर मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, तिथल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन पण मिळालंय. धाकट्याला माती समजावून सांगू नका, काळी माती आणि वाळू दोन जुन्या गाळण्यांत घाला, दोन्हीत एक-एक पेला पाणी ओता आणि खाली किती गळलं ते बघू द्या.

आणि तुम्ही ज्या भागात राहता तिथं तर चार भाषा एका जिन्यात बोलतात. शेजारच्या तेलुगू आजींना विचारायला पाठवा, ज्वारीला काय म्हणतात, त्या जोन्नलु म्हणतील, कानडी काकू जोळ म्हणतील, वरच्या मजल्यावरचे चाचा ज्वार म्हणतील, आपण जोंधळा म्हणतो, आणि पोरं स्वतःच म्हणतील की अरे हे शब्द तर भाऊबंद वाटायलेत. पावसाचे त्याच क्रमानं बघा, वान, मळे, बारिश, पाऊस, इथं मात्र चारही वेगळे. प्रत्येक ऋतूतले दहा शब्द चार भाषांत असं एक पान वहीत करा. असला खजिना पैसे देऊन मिळत नाही आणि आपण त्याच्यावर बसून इंग्लिश कलर साँग लावून देतो.

येळवस (वेळ अमावस्या हो, शेतात पूजा आणि जेवण असतं ती, आपण तोंडानं येळवसच म्हणतो) यायलीच. शेतात जायला मिळालं तर लेकीला एक काम द्या, भज्जीत (त्या दिवशीच्या मिसळ भाजीत) काय काय पडलंय त्याची यादी करायची आणि त्यातल्या शेंगावाल्या भाज्या कुठल्या ते ओळखायचं. तूर, हरभरा, वाटाणा, पावटा. एक हरभऱ्याचं रोप मुळासकट हळूच उपटून मुळांवरच्या गाठी बघा, त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देतात. पुस्तकात याचं चित्र असतं, हातात घेतलं की ते चित्र खरं होतं.

पक्ष्यांसाठी लांब जायची गरज नाही. थंडीत पांढरा धोबी गच्चीवर, मैदानावर येतो, शेपूट सारखी वरखाली करत तुरुतुरु चालतो, त्याला ओळखणं अगदी सोपं. तो इथला नाही, उत्तरेकडून थंडीपुरता येतो. वहीत लिहा, पहिला धोबी कधी दिसला, शेवटचा कधी. सुट्टीच्या दिवशी मिस्टरांना वेळ असला तर सकाळी लवकर हिप्परग्याच्या तलावावर जा, चक्रवाक दिसतात, नारिंगी रंगाची मोठी बदकं, ती तर हिमालयाच्या पलीकडून येतात, नकाशात बोटानं रस्ता काढायला लावा. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं आहे, शहरापासून वीस-बावीस किलोमीटर, माळढोक दिसेल असं मुलांना वचन देऊ नका, तो आता फारच क्वचित दिसतो, पण काळवीट दिसतात आणि गवताळ माळ म्हणजे ओसाड जागा नाही हे पोरांना डोळ्यांनी कळतं. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजतात, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट म्हणून, पंधरा मिनिटं गच्चीवर उभं राहून दिसेल तो पक्षी मोजायचा, त्यात तुमच्या लेकीचे कावळे-चिमण्या-साळुंक्या पण चालतात. तिला सांगा तुझी गच्ची जगाच्या नकाशावर येणार.

गड्ड्याला तर जाणारच तुम्ही. पाळण्यात बसायच्या आधी सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) मोजायचे, मिरवणूक कुठून कुठं गेली तो रस्ता घरी येऊन कागदावर काढायचा, तळं, देऊळ, किल्ला, आपलं घर, सगळं त्यात बसवायचं. नकाशा चुकेल, चुकू द्या, पुढच्या वर्षी परत काढू द्या. परत येताना हलवा घ्या आणि त्याच्यावरचा काटा भिंगातून बघा. मंद आचेवर पाक थोडा-थोडा घातला की साखर थरावर थर बसत जाते तो काटा. घट्ट साखरपाण्यात दोरा सोडून आठवडाभर न हलवता ठेवला तर घरीपण खडे धरतात.

उन्हाळ्याबद्दल थोडं. सावलीचं सांगितलंच. दुपारी बाहेर सोडता येत नाही तेव्हा दोन स्टीलचे पेले पाणी भरून पंख्याच्या वाऱ्याला ठेवा, एकाला ओलं सुती फडकं गुंडाळा, तासाभरानं दोन्हीला हात लावा. ओल्या फडक्याचा पेला गार का? पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, माठ पण असाच गार होतो, कूलर पण असाच चालतो, आणि आपली हवा कोरडी म्हणून आपल्याकडे माठ गार होतो तेवढा मुंबईला होत नाही. (ताप बघायचं थर्मामीटर यासाठी वापरू नका, ते इतकं खाली दाखवतच नाही.) बटाट्याचे चिप्स वाळत घालताना आधी वजन करा, वाळल्यावर परत करा, बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी असतं, किती राहिलं ते लेकीला वजाबाकी करून काढू द्या.

पावसाळ्यात बाटली. सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली वरून कापायची, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा, बाहेरून पट्टी चिकटवायची, तळ वाकडातिकडा असतो म्हणून खाली खडे आणि पट्टीच्या शून्यापर्यंत पाणी घालायचं, झालं पर्जन्यमापक. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. तुमची गच्ची १८ चौरस मीटर असेल तर १० मिलिमीटरला १८० लिटर, म्हणजे किती घागरी? नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते पोरांना माहीतच आहे, त्यामुळं हा हिशेब त्यांना मनापासून करावासा वाटतो. आणि मोजणं जुलैत कंटाळून सोडू नका, सोलापूरला सप्टेंबरातच जास्त पडतो.

घरात कोंडल्या दिवसांसाठी तुमच्या मिस्टरांची मदत घ्या ताई, कारण तुमच्या घरात जे आहे ते कुठल्याच क्राफ्ट किटमध्ये नाही. पुठ्ठ्याच्या दोन कडांना खाचा पाडायच्या, उभे धागे ताणून बांधायचे तो ताणा, आडवा धागा एकाखालून एकावरून न्यायचा तो बाणा. हे त्यांनी शिकवायचं, तुम्ही नाही, बाबा काय काम करतात हे पोरांना बाबांच्या तोंडून कळू द्या. धाकटा साधी पट्टी विणेल. लेकीला गणिताच्या चौकटीच्या वहीत नक्षी काढायला सांगा, रंगवलेली चौकट म्हणजे धागा वर, रिकामी म्हणजे खाली, आणि तशी विणायची. सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्ड नावाच्या मागावर अशीच येते, भोक असलेल्या पट्ट्यांवरून ठरतं कुठला धागा उचलायचा. फ्रान्समध्ये जेकार्ड नावाच्याच माणसानं तो माग १८०४ च्या सुमारास केला आणि तीच भोकाच्या पट्ट्यांची कल्पना पुढं कॉम्प्युटरमध्ये आली. आजकाल कोडिंगचे क्लास लावतात, हजारो रुपये फी. तुमच्या घरी त्याचा पहिला धडा बाबांच्या हातात आहे.

नवरात्रात घट बसवाल तेव्हा तीच माती, तेच धान्य एका वाडग्यात घालून खिडकीत ठेवा, रोज दोन्हीकडची उंची पट्टीनं मोजा. देव्हाऱ्यातलं जास्त उंच आणि पिवळं, खिडकीतलं बुटकं आणि हिरवं. अंधारात रोप उजेड शोधत नुसतं लांबत जातं, हिरवा रंग धरत नाही. नऊ दिवसांचे नऊ आकडे, त्याचा आलेख.

आता व्हिडिओ, कारण तुम्ही तेच विचारलं होतं आणि मी शेवटी ठेवलं. मुद्दामच ठेवलं. पहिलं नाव अरविंद गुप्ता. कचऱ्यातून खेळणी करून विज्ञान शिकवणारे, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यांनी मुलांसाठी मोठं काम केलं, २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या छोट्या छोट्या फिल्म आहेत, मराठीतल्या पण भरपूर, बऱ्याचशा एक-दोन मिनिटांच्या, सामान काय तर स्ट्रॉ, पेपर, रबर, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी. सगळं फुकट. दुसरं, बालभारतीच्या पुस्तकावर जो क्यूआर कोड असतो तो 'दीक्षा' ॲपमधून स्कॅन केला की त्याच धड्याचे व्हिडिओ येतात, ऋतूंचा धडा आला की तो बघा. वाचायला 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या साइटवर मोफत आहेत, १९७१ पासूनचे, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी. झाडासाठी 'सीझनवॉच' म्हणून भारतातलाच प्रकल्प आहे, एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला कोवळी पानं, पिकली पानं, फुलं, फळं नाहीत, थोडी, की भरपूर एवढंच नोंदवायचं. तुमचं लिंबाचं झाड तिथं घाला.

बर्फाचे व्हिडिओ बंद करू नका. बघू द्या, फक्त मग विचारा की तिथं बर्फ का आणि इथं का नाही, आणि ऑस्ट्रेलियात नाताळ उन्हाळ्यात का येतो. दिव्याभोवती चेंडू तिरका धरून फिरवला की हे समजतं. ऑटोप्ले मात्र आजच बंद करा, सेटिंगमध्ये एक बटण आहे. व्हिडिओ आधी तुम्ही बघून डाउनलोड करून ठेवा आणि एका वेळी एकच द्या, संपला की मोबाईल परत. पहिले तीन-चार दिवस रडारड होईल, ती सोसायची तयारी ठेवा, मी पण माझ्या नातवंडांची सोसली.

आणि एक उलटा उपाय. पोरांना व्हिडिओ बघायला आवडतो तसा करायला त्याहून आवडतो. महिन्यातून एक, मिनिटभराचा, सावली मोजताना किंवा हुरड्याचे दाणे मोजताना, लेकीनं बोलायचं, धाकट्यानं मोबाईल धरायचा, गावच्या आजोबांना व्हॉट्सॲपवर पाठवायचा. बोलायचं म्हटलं की नीट समजून घ्यावं लागतं. आणि आजोबा उलटा प्रश्न विचारतातच.

तुमच्या वेळेचं म्हणाल तर रविवारचा अर्धा तास आणि वही बघायला रोज पाच मिनिटं. वही जुनी डायरी चालेल, प्रिंटआउट काढत बसू नका, रंगीत वर्कशीट भरून झालं की पोरं विसरतात, स्वतः आखलेला तक्ता विसरत नाहीत. वही नीटनेटकी नसली तरी खाडाखोड करायला सांगू नका, चुकलेला आकडा तसाच राहू द्या आणि शेजारी नवा लिहू द्या. धाकट्याला लिहायचा कंटाळा येईल, त्याला चित्र काढू द्या.

येत्या रविवारी पहिली सावली मोजा आणि आकडा मला कळवा. प्लंबरला एवढं सांगा की पाइप दोन्हीकडून काटकोनात कापून दे, तिरका कापला तर उभा राहत नाही आणि पोरांचा सगळा वेळ तो सावरण्यातच जातो.

तुमची,
बाई